डबीतलं शिसं

१

दर गुरुवारी दुपारी एक ते पाच हाइनरिक्सटाउनचं इतिहास मंडळ उघडं असे, आणि ते उघडं ठेवणारी बाई एकच, वर्ना डेंगलर. मंडळ म्हणजे जुन्या शाळेच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत रजया, चरखे आणि कुणा जुन्या पाद्रीबाबांची कवळी. मागच्या खोलीत बंदुका. बघायला फारसं कुणी येत नसे. आलंच तर संडास कुठे आहे ते विचारून जाई.

वर्नाने बेअरिंगच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. पट्ट्यावरून आलेला प्रत्येक नग मोजायचा, बरोबर असेल तर डावीकडे टाकायचा, चूक असेल तर उजवीकडे. निवृत्त झाल्यावर मंडळाने तिला बंदुकांची यादी नव्याने करायला सांगितलं, तेव्हा दुसऱ्याच गुरुवारी ती स्वतःचा मायक्रोमीटर घेऊन हजर झाली. लोक म्हणाले, हौशी आहे बाई. हौस कसली डोंबलाची. तिला एकच बंदूक मोजायची होती आणि ती यादीत तेविसावी होती. आधीच्या बावीस तिने नियमाने मोजल्या, कारण रांग मोडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

तेविसावी बंदूक योस्ट हेफ्लिंगर नावाच्या इथल्याच एका जुन्या कारागिराची. माणसाच्या खांद्याएवढी उंच, दस्ता मेपलच्या लाकडाचा, त्यावर वाघासारखे पट्टे. दस्त्याच्या बाजूला पितळी झाकणाची छोटी डबी, बंदुकीला लागणाऱ्या चिंध्या ठेवायची. हेफ्लिंगरच्या हातची म्हणून ओळखता येणारी अख्ख्या पेनसिल्व्हेनियात ही एकच. आणि तिच्या घोड्याला सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली: "नळी नकली. १९६१."

ती चिठ्ठी म्हणजे वर्नाच्या बापाची अब्रू होती.

तिचा बाप, हार्वी डेंगलर, गावातला न्हावी. जुन्या बंदुकांचं त्याला वेड. ही बंदूक त्यानेच एका कोंबड्यांच्या खुराड्यातून शोधून काढली, अठ्ठावन्न साली मोजली आणि संग्राहकांच्या संघटनेच्या पत्रिकेत लिहिलं: नळीचं भोक इंचाचे पंचेचाळीस शतांश. तीन वर्षांनी संघटनेच्या समितीने तीच बंदूक मोजली तर भरले सत्तेचाळीस. आता नळी काही रबराची नसते. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी अस्सल नळी काढून विकली आणि दुसरी बसवली. बंदूक कुणाच्या ताब्यात? हार्वीच्या. समितीत कोण? एमन शाल्टर, हार्वीचा जिवलग मित्र, दूधवाला शेतकरी, ज्याचे केस हार्वी दर दुसऱ्या शनिवारी कापत असे.

आणि हार्वीने काय करावं? भांडला नाही, मला पुन्हा मोजू द्या म्हणाला नाही. एका ओळीचं पत्र लिहून दिलं, "नळी मी बदलली," आणि बंदूक मंडळाला देऊन टाकली. त्यानंतर एमन केस कापायला बारा मैलांवरच्या गावी जाऊ लागला. गावातली निम्मी डोकी त्याच्या मागून गेली. अठरा वर्षांनी हार्वी मेला तेव्हा अंत्यविधीला संघटनेचं काळं कुत्रं आलं नाही. वर्नाचा त्या एका ओळीवर कधीच विश्वास बसला नाही. गिऱ्हाईक सुटे पैसे विसरून गेलं तर त्याच्या घरी नेऊन देणारा माणूस तो. तो नळी विकेल?

सत्त्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात, एका गुरुवारी, वर्नाने तेविसावी बंदूक टेबलावर घेतली.

२

नळी मोजायची रीत सोपी आहे. दस्त्यातून नळी सुटी करायची. मागच्या टोकाचा पेच काढायचा. मऊ शिशाचा एक गट्टू तोंडाशी ठेवून लाकडी गजाने ठोकत ठोकत आरपार काढायचा. शिसं नळीचा अचूक ठसा घेतं, आटे, म्हणजे नळीत आतून कापलेल्या पिळाच्या खाचा, असतील तेवढ्या धारा त्याच्यावर उमटतात, मग तो गट्टू मोजायचा. पुढच्या माणसाला पुन्हा ठोकाठोक नको म्हणून गट्टू नाव-तारखेच्या चिठ्ठीसकट दस्त्यातल्या डबीत ठेवून द्यायचा. संघटनेचा हा रिवाज इतका जुना, की कुठून आला हे कुणी विचारत नाही.

वर्नाने डबी उघडली. आत समितीचा गट्टू होता. चिठ्ठीवर एमनचं अक्षर: ए. शाल्टर, सत्तेचाळीस, मे १९६१. तिने तो नळीच्या तोंडाशी धरला. समितीचा गट्टू, म्हणजे घट्ट बसायला हवा. तिने गज उचलायच्या आत गट्टू बोटांतून सुटला, नळीतून घरंगळत गेला आणि दुसऱ्या टोकाने टेबलावर पडला. टक्.

ती बघत राहिली. मग हसली. सव्वीस वर्षांनी तिला जे हवं होतं ते इतक्या सहज टेबलावर पडलं होतं. समितीला साधं मोजता आलं नव्हतं.

"वा रे समिती," ती रिकाम्या खोलीत म्हणाली.

मग तिने स्वतःचा गट्टू घेतला, ठोकून आरपार काढला आणि तीन वेळा मोजला. अठ्ठेचाळीस. सात आटे, सातही धारा स्वच्छ. चिठ्ठी लिहिली, गट्टू डबीत ठेवला, झाकण लावलं, नळी दस्त्यात बसवली. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. थर्मासातली कॉफी पेल्यात ओतून ती नोंद लिहायला बसली.

तिने मान वर केली तेव्हा पाच वाजायला चार मिनिटं कमी होती. कॉफीवर साय धरली होती. वहीत एकच ओळ होती, तीही अर्धी.

डुलकी लागली असणार. चोपन्न वर्षांच्या बाईला दुपारी डुलकी लागते, त्यात काय एवढं. खोलीत डुकराच्या चरबीचा वास येत होता, स्वैपाकघरात येतो तसा. तेही ठीक. शाळेच्या मागे फ्राय बाईचं घर, आणि फ्राय बाई सगळं चरबीत तळते. वर्नाने कुलूप लावलं आणि ती घरी गेली.

सकाळी उठली तर उजवा खांदा वर जाईना. पेट्या उचलल्या असतील, ती म्हणाली. कुठल्या पेट्या, ते काही आठवलं नाही. तोंड धुताना तिने हात पाहिले. दोन्ही तळव्यांच्या रेषांत काळं बसलं होतं, लोखंडाचा कीस तेलात कालवून चोळावा तसं. साबणाने गेलं नाही. घासणीने थोडं गेलं.

३

पुढच्या गुरुवारी तिने स्वतःचाच गट्टू डबीतून काढून नळीच्या तोंडाशी धरला. का, ते विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. कारखान्यात सवय होती, पास केलेला नग मधूनच पुन्हा तपासायची.

गट्टू घरंगळला. टक्.

एमनने मोजताना चूक केली असेल, समितीने केली असेल, पण हा गट्टू वर्नाने स्वतः सात दिवसांपूर्वी हातोडीने ठोकून या नळीतून काढला होता. शिसं आकसतं का? तिने मोजलं. अठ्ठेचाळीस, केसभरही कमी नाही. मग तिने खिडकीच्या उजेडात नळीला डोळा लावला. आत सातही आटे लखलखत होते, नुकतेच घासल्यासारखे. नळीच्या तोंडाशी बोट फिरवलं तर बोटाच्या टोकाला लोखंडाचा एक बारीक चुरा लागला. कुरळा, ताजा.

जुनी नळी झिजली की कारागीर तिचे आटे पुन्हा खोल करून देत, भोक जरासं मोठं होई. या धंद्यातल्या कुणालाही हे ठाऊक असतं. त्याला मळसूत्री आटे कापलेला लाकडाचा ओंडका लागतो, लांब दांडा लागतो, त्याच्या टोकाला पातं लागतं. माणूसभर लांबीचं सगळं. दोन खोल्यांत असलं काही लपवायला जागा नव्हती. खोलीची किल्ली एकच, तिच्याकडे.

ती घरी आली आणि सरळ माळ्यावर चढली. बापाची न्हावीकामाची पेटी तिने आठ वर्षांत उघडली नव्हती. वस्तरे, कंगवे, तुरटीचा खडा, आणि तळाशी तंबाखूचा पत्र्याचा डबा. डब्यात शिशाचे दोन तुकडे होते. बाप मेला तेव्हा तिने ते पाहिले होते, गळाला लावायची वजनं म्हणून सोडून दिले होते. आता हातात घेतले. दोघांवर सात सात धारा. दोघांवर सुईने ओरखडलेलं: एच. डी., पंचेचाळीस. एच. डी., सेहेचाळीस.

ती माळ्याच्या पायरीवर बसून रडली. आनंदाने रडली, हे सांगायला हवं. बाप खरं बोलला होता. पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीसच होतं. नळी कुणीही बदलली नव्हती, नळी मोठी होत होती.

डब्यात एक घडी घातलेला कागदही होता. हेफ्लिंगरच्या कुणा गिऱ्हाइकाच्या जर्मन पत्राची बापाने केलेली नक्कल, खाली भाषांतर. "तुमच्या रिवाजाप्रमाणे शिसं डबीत ठेवलं आहे, म्हणजे किती खोल करायचं ते तुम्हाला कळेल. ओंडका तुम्ही धरा. दांडा ओढायला मी स्वतः येईन, सगळेच येतात." त्याच्या खाली बापाचं स्वतःचं, पेन्सिल दाबून लिहिलेलं: "पुन्हा मोजायची नाही. कुणालाही मोजू द्यायची नाही."

वर्नाने ते दोनदा वाचलं. तिला आठवलं, बंदूक घरात आली त्या वर्षी आई रोज रात्री बापाच्या उजव्या खांद्याला मलम चोळायची. "दाढ्या करतोस की गाडे ओढतोस रे बाबा," म्हणायची. आणि त्याचे हात. न्हाव्याचे हात, सदा साबणात, तरी रेषा काळ्या. गिऱ्हाइकं कुरकुरायची.

तिने कागद घडी करून परत डब्यात ठेवला. म्हातारपणी माणूस कशालाही घाबरतो, असं तिने ठरवलं. बाप तेव्हा पन्नाशीचाही नव्हता, हे तिने मनातसुद्धा मोजलं नाही. दोन्ही गट्टू तिने पर्समध्ये टाकले आणि एमन शाल्टरला फोन केला.

४

लहानपणी ती त्याला एमनकाका म्हणायची. सव्वीस वर्षं काहीच म्हणत नव्हती.

एमन आला तो रबरी बूट न काढताच. शहात्तर वर्षांचा, कमरेत वाकलेला, जीभ मात्र सरळ. टेबलावर चार गट्टू ओळीने मांडलेले त्याने पाहिले.

"हे काय, शिशाचं दुकान घातलंस?"

"बसा," वर्ना म्हणाली. "आणि बोलू नका. नुसतं बघा."

तिने एकेक गट्टू नळीत सोडला. टक्. टक्. टक्. टक्. तिसरा त्याचा स्वतःचा होता. त्याने चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"हा मी ठोकून काढला होता," तो म्हणाला. "घाम फुटला होता मला."

"माहीत आहे."

"मग हा असा पडतोच कसा?"

"तेच तर मी तुम्हाला विचारतेय. माझा बाप चोर होता म्हणालात ना तुम्ही? मग ही नळी माझ्या बापाने कबरीतून येऊन बदलली?"

एमनने नळीला डोळा लावला. तो लबाड माणूस नव्हता, हट्टी होता, आणि हट्टी माणसाला पुरावा लागतो. त्याने स्वतःचं शिसं मागितलं, स्वतः ठोकलं, स्वतः मोजलं. एकोणपन्नास. चिठ्ठीवर सही केली, गट्टू डबीत ठेवायला हात पुढे केला.

तेव्हा वर्नाला तो कागद आठवला. एमनला सांगावं, शिसं खिशात घालून घरी न्या, असं तिच्या तोंडाशी आलं होतं. पण डबीत शिसं ठेवलं नाही आणि नळी वाढली नाही, तर पुरावा कसला? तिने झाकण स्वतःच्या बोटाने दाबून बंद केलं.

"बंदूक त्या कपाटात ठेव. कुलूप मी लावणार," एमन म्हणाला. "किल्ली माझ्याकडे राहील. वर लाखेची मोहर. आणि इथून हलायचं नाही. दोघांनी समोर बसायचं, पाच वाजेपर्यंत. वाढली तर मी पत्रिकेत लिहीन, माझ्या नावाने, मोठ्या अक्षरात. नाही वाढली तर तू मला पुन्हा फोन करायचा नाहीस."

"कबूल."

"हरणांचा हंगाम तोंडावर आलाय आणि मी इथे एका कपाटाची शिकार करत बसलोय," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

दीड वाजला होता. बाहेर लख्ख ऊन होतं, फ्राय बाई दोरीवर चादरी घालत होती. वर्नाने कॉफी ओतली, वाफ निघत होती. एमनने खिशातून सफरचंद काढलं आणि चाकूने सालायला घेतलं, अखंड एका सालीत, जशी त्याच्या पिढीची सगळी माणसं सालतात.

"तुझा बाप यात मला हरवायचा," तो सालीकडे बघत म्हणाला. "वस्तऱ्याचा हात होता त्याचा."

५

साल खाली पडली होती आणि सफरचंद तपकिरी झालं होतं. फ्राय बाईच्या दोरीवर एकही चादर नव्हती. घड्याळात पावणेपाच.

मधलं वर्नाला नंतर आठवलं ते थोडंच, आणि तेही सलग नाही.

लाकूड करकरलं. मग लोखंडातून लोखंड ओढल्याचा लांब आवाज, दूरवर जाऊन थांबणारा. पुन्हा करकर. पुन्हा तोच आवाज. तिच्या दोन्ही मुठींत एक आडवा दांडा होता, थंड, चरबीने बुळबुळीत, आणि ती तो ओढत होती, सगळं अंग मागे टाकून, न थांबता, जणू हे तिचं रोजचंच काम होतं. पलीकडच्या टोकाला ओंडक्यावर कुणाचे तरी हात होते. मनगटाच्या वर तिने पाहिलं नाही. तिकडे बघायचं नसतं हे तिला तेव्हा ठाऊक होतं.

तिच्या पुढे, त्याच दांड्याला हात लावून, एक पाठमोरा माणूस ओढत होता. राखाडी स्वेटर. उजव्या कोपरावर तपकिरी ठिगळ, वेडेवाकडे टाके. ते टाके आईचे होते. आईला शिवण कधी आलंच नाही.

त्याने वळून पाहिलं नाही. शनिवारी दिवसभर उभं राहून दुकान बंद करताना बापाचा आवाज जसा यायचा, तशा आवाजात तो म्हणाला:

"अजून किती, वर्ना?"

एवढंच.

एमन आपल्या हातांकडे बघत होता. मग तो उठला, मोहर तपासली. लाख शाबूत होती. कुलूप शाबूत होतं. त्याने कपाट उघडलं, नळी काढली, आपला गट्टू सोडला. टक्. नवा गट्टू ठोकून मोजला. पन्नास. हा नवा गट्टू तो डबीत ठेवू लागला तेव्हा वर्नाने त्याचं मनगट धरलं, आणि गट्टू स्वतःच्या पर्समध्ये टाकला. त्याने का म्हणून विचारलं नाही.

"डोळा लागला आपला," तो म्हणाला.

"हो," वर्ना म्हणाली.

"तुला काही दिसलं?"

"नाही. तुम्हाला?"

"झोपेत काय दिसणार," एमन म्हणाला. कोट घालायला त्याला तिची मदत लागली, उजवा हात बाहीत जात नव्हता.

६

एमन शाल्टर शब्दाला जागला. जानेवारीच्या पत्रिकेत पहिल्याच पानावर त्याचं पत्र आलं. नळी कुणीही बदललेली नाही, समितीची चूक झाली, हार्वी डेंगलर निर्दोष होता आणि मी त्याचा गुन्हेगार आहे, असं त्याने खरोखरच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. नळी वाढते कशी ते मला माहीत नाही, ज्याला शंका असेल त्याने येऊन मोजावी, असंही शेवटी होतं.

वर्नाने ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग आईचा फोटो पुढ्यात ठेवून मोठ्याने वाचलं. इतका निवांत आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता. रविवारी चर्चमध्ये लोकांनी तिचा हात हातात घेतला. ज्यांनी बारा मैलांवर जाऊन केस कापून घेतले होते त्यांनीसुद्धा.

सोमवारपासून पत्रं यायला लागली. ओहायोतून, मेरीलंडहून, लँकेस्टरच्या तीन जणांची एकदम. अभिनंदन, आश्चर्य, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच: एप्रिलच्या मेळाव्याला बंदूक घेऊन या, आम्ही आमचं आमचं शिसं घेऊन येतो. रिवाजाप्रमाणे गट्टू डबीत ठेवून जाऊ, म्हणजे नोंद राहील.

वर्ना पत्रं फोडून त्यांची यादी करत होती. क्रमांक, नाव, गाव. शनिवारी ती एकतीसपर्यंत आली आणि पेन खाली ठेवलं. बापाने विचारलेला प्रश्न तिला तेव्हा ऐकू आला, स्वयंपाकघरात, भर दुपारी. आता तिच्याकडे आकडा होता.

तिने एमनला फोन लावला.

"एकतीस जण," ती म्हणाली.

पलीकडून गाईंचा आवाज येत होता.

"त्याने मलाही विचारलं," एमन म्हणाला. "अजून किती, म्हणाला. नावाने हाक मारली मला, पोरी. आणि एकसष्ट सालीसुद्धा खांदा असाच गेला होता माझा. मी म्हटलं, गवताच्या पेंढ्या उचलल्या म्हणून असेल. हार्वी दुकानाच्या दारात उभा राहून माझ्या हातांकडे बघत होता आणि मला वाटलं, चोर आहे म्हणून बोलत नाही."

"आपण मोजल्यावर त्यालाही ओढावं लागतं," वर्ना म्हणाली. "दर वेळी."

"मग आता?"

"आता मी लिहिते. बापाने नळी बदलली होती. आणि मी तुम्हाला फसवलं. कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडे होती, मोहर मी नवी केली, तुमच्या कॉफीत झोपेची गोळी टाकली."

"तुला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, वर्ना."

"त्याला तरी कुठे राहिली होती, एमनकाका."

हा शब्द म्हाताऱ्याने सव्वीस वर्षांनी ऐकला. मग म्हणाला, "लिही. मी खाली लिहीन की मी मूर्ख आहे. ते सगळ्यांना लगेच पटेल."

पत्र एका पानाचं झालं. तिने ते टपालपेटीत टाकलं आणि पेटीच्या झाकणावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग मंडळात जाऊन चिठ्ठी पुन्हा सुतळीने बंदुकीला बांधली: "नळी नकली." खाली तारीख घातली. डबी रिकामी आहे ना, ते दोनदा पाहिलं. गट्टू सगळे तिच्याकडे होते, ते तिने धरणात फेकले, बापाचे दोन सोडून.

७

एप्रिलच्या मेळाव्यात तिची सदस्यता काढून घेतली गेली. हात वर करून मतदान झालं, विरोधात एकच हात होता, एमनचा, आणि तो डावा होता. चहापाण्याला माणूस नव्हता म्हणून तिला कॉफीच्या टेबलापाशी राहू दिलं.

तीस जणांना तेविसाव्या बंदुकीत आता काडीचा रस नव्हता. खोटी नळी कोण मोजतो? एकतिसावा ओहायोचा होता. लांबून आला होता आणि चिडला होता. त्याच्या कोटाच्या खिशात काहीतरी जड होतं, बोलताना तो ते वरून चाचपत होता.

"तीनशे मैल गाडी हाकत आलो," तो म्हणाला. "आलोच आहे तर एकदा मोजून बघतो. खोटी तर खोटी."

"ती बंदूक नाही आणली," वर्ना म्हणाली.

"मग तुमच्या गावात येऊन मोजीन. गुरुवारी उघडं असतं ना?"

"गुरुवारी मी असते तिथे," वर्ना म्हणाली. "दर गुरुवारी असते. त्या बंदुकीत मोजण्यासारखं काही नाही. आम्ही डेंगलर लोकांनी तुम्हाला दोनदा बनवलं, तिसऱ्यांदा कशाला बनताय?"

माणूस तिच्याकडे बघत राहिला. मागे उभे असलेले दोघेतिघे ऐकत होते. मग त्याने खिशातून हात काढला आणि रिकामा पेला पुढे केला.

"म्हणजे तू बापावरच गेलीस म्हणायची," तो म्हणाला.

"हो," वर्ना म्हणाली. "अगदी बापावर."

तिने किटली उचलून त्याचा पेला काठापर्यंत भरला. उजव्या हाताने उचलली होती. खांदा दुखला नाही.